जाहीर झालेली तारीख शेड्युलमध्ये कोंबायला सांगू नका

प्रति,
महाराष्ट्रात मेट्रो, महामार्ग, पूल आणि बोगद्यांची कामं करून घेणाऱ्या सगळ्या प्राधिकरणांचे व्यवस्थापकीय संचालक, प्रकल्प संचालक, मुख्य अभियंते आणि या कामांच्या तारखा जाहीर करणारे मंत्रिमहोदय,

नमस्कार.

मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. मोठ्या बांधकामांचं शेड्युल बनवायचं आणि दर महिन्याला ते अपडेट करायचं हे माझं काम, गेली बरीच वर्षं हेच करतेय, कधी ठेकेदाराकडून कधी कन्सल्टंटकडून. आज हे उघड लिहायचं कारण म्हणजे मी सध्या ज्या कामावर आहे तिथे नुकतंच ठरलंय की मासिक अपडेटमध्ये जाहीर तारखेच्या पुढची कुठलीही तारीख दिसता कामा नये. निगेटिव्ह फ्लोट, म्हणजे तारखेच्या किती दिवस मागे आहोत तो उणे आकडा, रिपोर्टमध्ये दाखवायचा नाही, आणि नवीन बेसलाइन, म्हणजे मंजूर होणारं मूळ शेड्युल, अशी करायची की शेवटच्या कामाचा बार बरोबर त्या तारखेला संपेल. हे सगळं तोंडी सांगितलं गेलं, मिनिट्समध्ये फक्त 'शेड्युल अलाइन करावे' एवढंच आलं. प्रकल्पाचं किंवा संस्थेचं नाव मी घेणार नाही कारण हे एकाच ठिकाणचं नाहीये, या लाइनमधल्या माझ्या ओळखीच्या कुणाशीही बोला, प्रत्येकाकडे हीच गोष्ट आहे, फक्त तारीख वेगळी. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एखादी मेट्रो लाइन किंवा खाडीवरचा पूल म्हणजे हजारो छोटी छोटी कामं असतात आणि प्रत्येक काम कशाच्या तरी नंतरच होऊ शकतं. जागा मिळाल्याशिवाय पाइल (जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब) नाही, पाइलशिवाय पाइल कॅप नाही, मग पिअर म्हणजे वरचा खांब, पिअर कॅप, त्यावर आडवे गर्डर, डेक, रूळ, सिग्नल, चाचण्या. या सगळ्या साखळ्यांमधली जी सगळ्यात लांब ती क्रिटिकल पाथ, आणि ती जिथे संपते ती प्रकल्पाची तारीख. बाकीच्या कामांना थोडं मागेपुढे व्हायला जी मोकळीक असते तिला आम्ही फ्लोट म्हणतो. ही पद्धत काही नवीन नाही, १९५७ च्या आसपास अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीने रेमिंग्टन रँडबरोबर ती बसवली, आणि आज जगभर त्याच हिशोबावर कामं चालतात. त्या काळी कागदावर आणि खोलीभर कॉम्प्युटरवर करायचे, आम्ही प्रायमाव्हेरा या सॉफ्टवेअरमध्ये करतो, एवढाच फरक.

आता तारीख आधीच ठरलेली असेल तर काय होतं बघा. समजा आम्ही सगळी कामं जशी आहेत तशी टाकली, सॉफ्टवेअर चालवलं आणि उत्तर आलं पुढच्या वर्षीचा मे अखेर. पण जाहीर झालाय या वर्षीचा डिसेंबर. मग शेवटच्या माइलस्टोनला डिसेंबरचा कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेची सक्ती, लावायला सांगतात, तो लावला की मागच्या अख्ख्या साखळीवर फ्लोट उणे दीडशे दिवस दिसायला लागतो, स्क्रीनभर लाल. हा लाल रंग म्हणजेच खरा रिपोर्ट असतो, तो सांगत असतो की काहीतरी निर्णय घ्या, अडलेली जागा सोडवा, दुसरा लाँचर (गर्डर उचलून बसवणारं यंत्र) आणा, डिझाइनची मंजुरी लवकर द्या, नाहीतर तारीख बदला. पण आम्हाला सांगतात लाल दिसायला नको. मग लिंका तोडल्या जातात, एक काम संपल्यावर दुसरं सुरू होणार होतं ती दोन्ही एकदम सुरू होतात असं दाखवायचं. पिअर कॅपचे २१ दिवस असतील त्याचे १२ करायचे. आठवड्याला सहा दिवसांचं कॅलेंडर सात दिवसांचं करायचं, पावसाळ्याचं कॅलेंडर काढूनच टाकायचं. आणि टेस्टिंगचे सहा महिने दोनवर आणायचे, कारण ते सगळ्यात शेवटी येतं आणि त्यावर भांडायला आज मीटिंगमध्ये कुणी नसतं. अर्ध्या दिवसात फाइल हिरवी होते. साइटवर त्या अर्ध्या दिवसात काहीही बदललेलं नसतं.

तुम्हाला कदाचित वाटत असेल की हा ऑफिसमधल्या कागदाचा प्रश्न आहे, साइट आपली चालू आहेच की. पण त्याच हिरव्या फाइलवरून स्टीलची ऑर्डर जाते, कास्टिंग यार्डमध्ये सेगमेंट किती ओतायचे ते ठरतं, ट्रॅफिक पोलिसांकडून डायव्हर्जन मागितलं जातं, मेट्रोचे डबे कधी आणायचे ते ठरतं, कर्जाचं व्याज कधीपासून सुरू होणार तेही. रेल्वेच्या वरून जाणारा पूल असेल तर रेल्वेकडे ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवणं, मागावा लागतो. मुंबईत कर्नाक पूल पाडायला नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता, लाखो लोकांच्या लोकल थांबवून. असा ब्लॉक सारखा सारखा मिळत नाही, आणि गर्डर त्या रात्रीला तयार नसेल तर आम्ही पुन्हा अर्ज करून बसायचं. खोट्या शेड्युलवर मागितलेला ब्लॉक फुकट जातो तेव्हा तो रेल्वेचा, आमचा आणि प्रवाशांचा, सगळ्यांचाच जातो.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी असलेली तक्रार जागेची. वर्क ऑर्डर निघते, घड्याळ सुरू होतं, पण आमच्या हातात जागा असते ती तुकड्या तुकड्यात. मध्ये एक घर, पुढे एक देऊळ, नंतर एक मोबदल्याचा वाद कोर्टात, मग वनखात्याची परवानगी बाकी, झाडं तोडायची परवानगी बाकी. शहरात तर जमिनीखाली काय आहे हेच कुणाला नीट माहीत नसतं, पाण्याची मेन लाइन, वीज, टेलिफोन, गॅस, प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि ट्रायल पिट खणल्यावर भलतंच निघतं. मग ते हलवायचं तर त्या खात्याचं एस्टिमेट, पैसे भरणं, त्यांचा ठेकेदार, पाणी बंद ठेवायची परवानगी. यातली प्रत्येक गोष्ट करायला वेळ लागतो हे आम्हाला मान्य आहे, कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण हा वेळ शेड्युलमध्ये टाकला की विचारतात 'तुम्ही आमच्या नावावर उशीर का दाखवताय'. म्हणजे पाच महिने न मिळालेली जागा शेड्युलमध्ये पहिल्या दिवसापासून मिळालेली दाखवायची आणि ते पाच महिने पुढच्या कामांतून कापायचे. पुढची कामं म्हणजे काँक्रीट, गर्डर, लाँचिंग. तिथे दिवस कापले की काय होतं त्याच्यावर येतेच.

याच्याशीच जोडलेलं म्हणजे हिंड्रन्स रजिस्टर. साइटवर कुठली अडचण कुठल्या तारखेला आली आणि कुठल्या तारखेला सुटली हे त्यात लिहून दोन्ही बाजूंनी सही करायची असते. माझ्या अनुभवात हे रजिस्टर महिनोन्‌महिने सहीशिवाय पडून असतं, कारण सही केली की उशीर कुणामुळे ते कागदावर येतं. मग काम संपल्यावर ठेकेदार मुदतवाढ आणि नुकसानभरपाई मागतो, तुम्ही दंड लावता, प्रकरण लवादाकडे जातं आणि तिथे दोन्हीकडचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच शोधत बसतात की २०१९ च्या ऑगस्टमध्ये नक्की काय अडलं होतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यातल्या कलम ५५, ७३, ७४ वर वेळेचा आणि नुकसानीचा सगळा वाद उभा राहतो, आणि त्या वादात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा असतो तो दर महिन्याचा खरा अपडेट. तोच आधी हिरवा करून ठेवला तर तुमची बाजू सुद्धा लंगडी पडते. हे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातात.

दुसरी तक्रार पावसाची. महाराष्ट्रात काम करायचं आणि पावसाळा शेड्युलमध्ये धरायचा नाही हे मला कुठल्याच हिशोबाने पटत नाही. कोकणात, घाटात, मुंबईत जून ते सप्टेंबर मातीकाम, डांबर, उघडं खोदकाम याचा वेग कमी होणारच, तो वर्षभर एकसारखा धरला की शेड्युल पहिल्याच पावसाळ्यात खोटं ठरतं. आणि पाऊस आता कॅलेंडर बघून येत नाही. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून, २०२५ मध्ये तो २६ मेला आला. त्याच दिवशी मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, जे स्टेशन १० मेला प्रवाशांसाठी उघडलं होतं. मेट्रोच्याच सांगण्यानुसार एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं आणि तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली. मी त्या कामावर नव्हते, त्यांनी काय विचार केला होता ते मला सांगता येणार नाही. पण मी जेव्हा जेव्हा म्हणते की मान्सूनच्या आधीची सगळी कामं १५ मेला संपलेली दिसली पाहिजेत, त्याच्या पुढे एकही उघडा खड्डा नको, तेव्हा मला जे दिवस मागायचे असतात ते हेच.

तिसरी तक्रार टक्केवारीची. 'काम ९० टक्के पूर्ण' असं जाहीर होतं तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा खर्चाच्या किंवा काँक्रीटच्या वजनावर काढलेला असतो. मेट्रोमध्ये सिव्हिल कामाचं वजन मोठं, म्हणून खांब आणि बोगदे झाले की ८०, ८५ पर्यंत झटकन जातं. उरलेल्यात काय असतं तर रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नलिंग, प्लॅटफॉर्मचे दरवाजे, लिफ्ट, अग्निशमन, सगळ्या सिस्टीम एकमेकांशी जोडून चालवून बघणं, आरडीएसओच्या (रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेच्या) चाचण्या आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. यात काँक्रीट जवळपास नाहीच पण वेळ प्रचंड जातो. लोकांना वाटतं ९० झालं म्हणजे दोन महिन्यांत गाडी सुरू, मग ती सुरू होत नाही आणि साइटवरच्या माणसांना आळशी म्हणतात. टक्केवारीच्या शेजारी उरलेले दिवस लिहा, लोकांना बरोबर समजेल.

चौथी. दोन संस्थांच्या मधली जागा कुणाच्याच शेड्युलमध्ये नसते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि लोकांनी बघितलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाहीये, उंचीत दीड-दोन मीटरचा फरक. नंतर तो उचलून जोडला, ते काम खरंच चांगलं केलं. पण असले सांधे प्रत्येक मोठ्या कामात असतात, मेट्रोचं स्टेशन आणि महापालिकेचा फूटपाथ, महामार्गाचा पूल आणि जलसंपदाचा कालवा, आणि ते ज्या मास्टर शेड्युलमध्ये दिसायला हवेत ते बनवायचं काम कुणालाच दिलेलं नसतं.

पाचवी तक्रार माणसांची आहे आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी. काँक्रीटला कुणाच्या कार्यक्रमाची घाई कळत नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, स्पष्ट लिहिलंय, साडेचार मीटरपेक्षा मोठ्या स्पॅनच्या स्लॅबचे टेकू साधारण १४ दिवस, सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमचे २१ दिवस काढायचे नाहीत. गर्डर लाँचिंगचं पण तसंच, लाँचर पुढे सरकवणं, अँकर करणं, लोड टेस्ट, तपासणी, मग उचल. यातली प्रत्येक पायरी शेड्युलमध्ये एक बार आहे, आणि तारीख गाठायची म्हणून जेव्हा दिवस कापले जातात तेव्हा ते इथूनच कापले जातात, कारण जमीन संपादनातले दिवस आमच्या हातात नसतात आणि हे असतात. त्याचा अर्थ साइटवर असा होतो की तीच गँग दिवसपाळीनंतर रात्रपाळीला थांबते, सुपरवायझर दोन ठिकाणी एकदम उभा असतो, तपासणीची चेकलिस्ट काम झाल्यावर भरली जाते.

३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर लाँचर कोसळून २० जण गेले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल पडला, तिथे सुदैवाने जीव गेला नाही. या दोन्हींची कारणं चौकशीने ठरवायची, मी ती शेड्युलवर ढकलत नाहीये. पण ज्यांनी कधी लाँचिंगचे दिवस कापून दाखवलेत त्या प्रत्येक प्लॅनिंगवाल्याच्या पोटात अशी बातमी वाचून गोळा येतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे. त्या लाँचरखाली काम करणारी मुलं बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली असतात, त्यांना आमच्या फाइलमध्ये काय बदललं ते कधीच कळत नाही.

आणि हीच माणसं छठला, होळीला, ईदला, शेताच्या हंगामाला घरी जातात. जाणारच, जायलाच पाहिजेत. दिवाळी ते छठ आणि त्यानंतर परत येईपर्यंत साइटवर मनुष्यबळ किती उतरतं हे लेबर कॅम्पच्या हजेरीत दरवर्षी दिसतं, तरी आमच्या कॅलेंडरमध्ये नोव्हेंबर हा फेब्रुवारीसारखाच भरायला लावतात. मग काय, उरलेल्या मुलांकडून दुप्पट काम.

यात माझं स्वतःचं काय आहे तेही सांगते. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आमच्याकडचे टप्पे नंतर. तेव्हापासून किती तारखा ऐकल्या, डिसेंबर, मग पुढचा गणपती, मग पुढचा डिसेंबर. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे पट्टे ज्यांनी पावसात गाडीने केलेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. घरी गेलं की आई विचारते, तू हेच काम करतेस ना, मग सांग रस्ता कधी होणार. माझ्याकडे या कामाची सगळी विद्या आहे आणि तरी मी तिला उत्तर देऊ शकत नाही, कारण त्या रस्त्याचं खरं शेड्युल, कुठल्या गावात काय अडलंय, कुणामुळे, किती दिवस, हे मला नागरिक म्हणून कुठेच एका जागी वाचायला मिळत नाही. तिला फक्त तारीख मिळते. वाहतूक वळवलेल्या रस्त्यावर दुकान चालवणाऱ्याला, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला, चाकरमान्यांना, सगळ्यांना फक्त तारीखच मिळते. खरं कळलं तर लोक वर्षभर जास्त थांबतील हो, आपल्याकडचे लोक समजूतदार आहेत, पण दर सहा महिन्यांनी नवी तारीख ऐकून कुणाचाच कशावर विश्वास उरलेला नाही.

मला माहितेय यावर काय उत्तर येतं. तारीख आधी जाहीर केली नाही तर कुणी हलतच नाही, दबाव पाहिजे, दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी तिथल्या साइटवर उलटी चालणारी घड्याळं लावली होती की नाही. लावली होती, आणि त्या मेट्रोचा पहिला टप्पा वेळेच्या आधी झाला. पण ते घड्याळ मालकाच्या, म्हणजे काम करून घेणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसला पण तेवढंच लागू होतं, निर्णय दिवसांत व्हायचे, ठेकेदाराचं बिल अडकून पडायचं नाही. आमच्याकडे घड्याळ फक्त ठेकेदाराच्या कंटेनर ऑफिसात लावतात. आणि श्रीधरन साहेबांच्याच कोकण रेल्वेला ठरल्यापेक्षा उशीर झाला होता, गोव्यातला मार्गाच्या आखणीचा वाद आणि पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती, अशी कारणं सगळ्यांना माहीत होती. १९९० मध्ये महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. आज कोकणात कुणी त्या उशिराबद्दल बोलत नाही, ज्या गाडीने आम्ही गावी जातो तिच्याबद्दल बोलतात.

बाहेरचं एक उदाहरण देते कारण ते आमच्या लाइनमध्ये सगळ्यांनी वाचलंय. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ ला उघडणार हे कितीतरी आधीपासून ठरलेलं होतं, आणि तीच तारीख धरून ठेवत शेवटपर्यंत सगळी कामं तिच्यात दाबत गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये, चार महिने आधी, सांगावं लागलं की होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये त्याच्यावर अहवाल दिला, त्यात त्या एका ठरलेल्या तारखेला चिकटून राहण्यावर बोट ठेवलंय. त्यानंतर नव्या मंडळींनी एक तारीख न देता सहा महिन्यांचा पट्टा दिला, ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१, आणि सिग्नलिंगचं काय अडलंय ते उघड सांगत गेले. तो पट्टाही पुढे गेला, मध्ये कोविड आला, शेवटी लाइन मे २०२२ मध्ये उघडली. म्हणजे खरं सांगितलं की उशीर होत नाही असं मी म्हणतच नाहीये. उशीर झाला तरी कुठे आहोत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि माणसं घाईत भरडली जात नाहीत.

आणि एवढं लांब जायची सुद्धा गरज नाही. आपल्याच राज्यात एखाद्या बिल्डरने सात मजली बिल्डिंग काढली तर त्याला महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) वेबसाइटवर पूर्ण होण्याची तारीख जाहीर करावी लागते आणि दर तिमाहीला प्रगती टाकावी लागते, २०१७ पासून. फ्लॅट घेणारा घरी बसून ते बघू शकतो. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींच्या वरच्या केंद्रीय प्रकल्पांचा उशीर, वाढलेला खर्च आणि कारणं नियमित छापतं. मेट्रो तीनचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, हा पैसा लोकांचा आहे. मग सात मजल्यांसाठी जे बंधन आहे ते ३३ किलोमीटरच्या बोगद्यासाठी का नको, याचं उत्तर मला खरंच ऐकायचंय. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ पण हेच सांगतं की अशी माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून द्यायची.

तर मागण्या.

काम पूर्ण होण्याची तारीख जाहीर करायच्या आधी त्या कामाची मंजूर बेसलाइन असली पाहिजे, आणि जाहीर करताना एक तारीख न देता पट्टा द्या, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी.

वर्क ऑर्डर देताना कुठली जागा ताब्यात आहे आणि कुठली नाही याचा साखळी क्रमांकानुसार (सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) नकाशा कराराला जोडा. न मिळालेल्या जागेसमोर ती कधी मिळेल ती तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा, आणि ते शेड्युलमध्ये एक काम म्हणून धरा, मालकाचं काम.

प्रत्येक प्रकल्पाचं दर महिन्याला एक पान वेबसाइटवर टाका, मराठीत: मूळ तारीख काय होती, आजच्या हिशोबाने कधी संपेल, क्रिटिकल पाथवर आत्ता काय आहे, गेल्या महिन्यात कशामुळे किती दिवस गेले. हिंड्रन्स रजिस्टरवर सात दिवसांत सही करा किंवा सही का करत नाही ते लिहा.

टेकू काढणं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून मुरवणं), स्ट्रेसिंग (आतल्या केबल ताणणं), लाँचिंग आणि सुरक्षा चाचण्या यांचे दिवस डिझाइनर आणि सेफ्टी अधिकाऱ्याच्या लेखी मान्यतेशिवाय कुणालाही कमी करता येणार नाहीत असं करारातच टाका. पावसाळ्याचं कॅलेंडर आणि मजुरांच्या सणांचं कॅलेंडर पण बेसलाइनचा भाग करा.

दोन किंवा जास्त संस्थांची कामं जिथे भेटतात तिथे एक मास्टर शेड्युल आणि ते सांभाळणारा एक माणूस नेमा, ज्याला सगळ्यांच्या मीटिंगला बसायचा अधिकार असेल.

आणि शेवटची मागणी आम्हा प्लॅनिंगवाल्यांची. शेड्युलची मूळ फाइल दर महिन्याला तुमच्याकडे लॉक करून ठेवा, नंतर कुणी काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याच्याबरोबर नोंदलं गेलं पाहिजे. आमच्यातले बरेचजण कंत्राटावर आहेत, नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात गेट पास रिन्यू होत नाही. खरी तारीख दाखवली म्हणून कुणाचं काम जाणार नाही एवढं तुम्ही लेखी देऊ शकता, त्याला एक रुपयाही लागत नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. या महिन्याचा अपडेट आहे तसा, निगेटिव्ह फ्लोटसकट जाईल, कुठल्या कामात किती दिवस गेले आणि ते भरून काढायला काय करता येईल याची यादी त्याला जोडलेली असेल. तो बदलून हवा असेल तर काय बदलायचं आणि का, ते पत्राने कळवा, म्हणजे ते पत्र पण मी अपडेटला जोडेन.

आपली,
एक प्लॅनिंग इंजिनिअर
मुंबई